गडद निळ्या गाडीचा रंग पहिल्यांदाच हाताने पॉलिश करायचाय. मशीनशिवाय कुठवर जाता येईल?

वाकडवासी

नमस्कार मंडळी,

गाडी पाच वर्षांची हॅचबॅक. गडद निळा मेटॅलिक रंग, कंपनीचाच; एकही पॅनल पुन्हा रंगवलेलं नाही. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी असते आणि रोज सकाळी गाडी पुसणारे दादा एकाच बादलीच्या पाण्याने पुसतात. पाणी बोअरचं. सध्याची अवस्था अशी:

१) उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात.
२) टपावर आणि डिकीच्या काचेच्या वर स्लॅबमधून ठिबकलेल्या पाण्याचे पांढरे, कडक डाग आहेत.
३) दारांच्या खालच्या भागावर हात फिरवला की खरखरीत लागतं, धुतल्यानंतरसुद्धा.
४) ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलखाली एक ओरखडा आहे, त्यात नख अडकतं.

मशीन घ्यायचं नाही आणि भाड्यानेही आणायचं नाही. सगळं हाताने करायचं आहे. कामाचा क्रम काय ठेवावा, सामान किती लागेल, आणि हाताने काय होणारच नाही हे कोणी नीट सांगेल का?

---

रंगारी_सातारा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो कळला की बाकीचं काम सोपं होतं.

कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते, म्हणजे छपाईच्या एका कागदाएवढी. त्यातला वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, फक्त ३५ ते ५० मायक्रॉनचा. तुम्हाला दिसणारे ओरखडे या पारदर्शक थरात आहेत. पॉलिश त्यांना भरत नाही. ते आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळाच्या जवळ आणतं आणि कडा गोलसर करतं, त्यामुळे उजेड तिथे तुटत नाही. मशीनचं पॅड मिनिटाला हजारो वेळा हलतं, हात तेवढा हलू शकत नाही. म्हणून हाताने बारीक जाळं बरंच कमी होतं, मध्यम ओरखडे पुसट होतात आणि खोल ओरखडे जिथल्या तिथे राहतात. गडद निळ्यावर रंगाची खोली आणि झळाळी मात्र नक्की परत येते. फरक कोणालाही दिसेल एवढा असतो.

हँडलखालचा ओरखडा विसरा. नख अडकतं म्हणजे तो थर बराच खोल कापला गेला आहे. तो घासून काढायला गेलात तर आजूबाजूचा क्लिअर कोट संपेल आणि दोन-चार वर्षांत तिथे पापुद्रे निघतील. रंगाच्या कोडचं टचअप पेन लावून धातू झाका, तेवढं पुरे.

आता क्रम. पॉलिशची बाटली उघडण्याआधीचं काम हेच खरं मोठं काम आहे, आणि पहिल्यांदा करणारे नेमके तिथेच घाई करतात. पृष्ठभागावर एक वाळूचा कण राहिला तरी तुम्ही स्वतःच्या हाताने नवे ओरखडे पाडत बसता.

धुणं. सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सुटी धूळ आणि चिखल उडवा. चाकांच्या कमानी आणि दारांचा खालचा भाग जास्त वेळ. मग दोन बादल्या: एकीत १० लिटर पाणी आणि गाडीचा शाम्पू (प्रमाण बाटलीवर असतं, बहुतेकांचं २० ते ३० मिली), दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनल धुवायचं, मोजा साध्या पाण्यात खळखळून पिळायचा आणि मगच परत शाम्पूत. टप, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. चाकांना वेगळा मोजा. भांड्यांचा साबण या एकाच वेळी चालतो, कारण जुनं वॅक्स काढायचंच आहे, एरवी नको.

डांबर. दारांखाली काळे ठिपके असतील तर टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन ३० सेकंद टेकवून ठेवा आणि अलगद पुसा. रॉकेलनेही डांबर निघतं, पण त्याचा तेलकट थर राहतो आणि रबराच्या पट्ट्या फुगतात. वापरलंच तर तेवढा भाग लगेच शाम्पूने धुवा.

लोखंडाचे कण. तुमच्या खरखरीचं हे मुख्य कारण असू शकतं. ब्रेकच्या डिस्कमधून उडणारे आणि भोसरी-चाकणसारख्या भागात ग्राइंडिंगमधून हवेत येणारे लोखंडाचे बारीक कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. धुण्याने ते निघत नाहीत. आयर्न रिमूव्हर फवारा. ३ ते ४ मिनिटांत जांभळे ओघळ दिसले की लोखंड विरघळतंय. वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, वास उग्र असतो. हॅचबॅकला २५० ते ३०० मिली पुरतं.

क्ले (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी वडी). यानंतर हात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून ओल्या पत्र्यावरून फिरवा. पिशवीमुळे बोटांना बारीकसारीक खरखर फार स्पष्ट कळते. जिथे खरखर उरली आहे तिथेच क्ले लावा. १०० ग्रॅमच्या वडीचे चार तुकडे करा, एक तुकडा कोमट पाण्यात मऊ करून चपटा करा. दोन फूट बाय दोन फूट जागा शाम्पूच्या पाण्याने चांगली ओली करा आणि क्ले वजन न टाकता सरळ रेषेत सरकवा. आधी तो अडखळेल, आवाजही येईल. मग एकदम गुळगुळीत सरकायला लागला की ती जागा झाली. तुकडा काळा दिसला की घडी घालून नवी बाजू वर आणा. जमिनीवर पडलेला तुकडा सरळ फेकून द्या, धुऊन परत वापरू नका.

गाडी कोरडी करा, काळ्या प्लॅस्टिकवर आणि रबरावर मास्किंग टेप लावा (हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती पिवळी, १८ किंवा २४ मिमी). पॉलिश काळ्या प्लॅस्टिकवर वाळलं की पांढरं बसतं आणि लवकर निघत नाही. बोनेट, दारं, मडगार्ड यांच्या कडांवर आणि उठावदार घड्यांवरही टेप लावा. तिथे रंग मुळातच पातळ असतो आणि हाताचा सगळा दाब त्या रेषेवर येतो.

पॉलिश. बोनेटवर एक फूट बाय एक फूट जागेवर आधी चाचणी. हाताने वापरता येतं असं बाटलीवर स्पष्ट लिहिलेलंच घ्या. मशीनसाठीची बरीच कंपाउंड (जास्त घासणारी पॉलिशं) हाताने नीट फुटत नाहीत, म्हणजे त्यांतले कण झिजून बारीक होत नाहीत, आणि धुरकटपणा ठेवतात. दहा सेंमी व्यासाच्या गोल फोमवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. आधी ते जागेवर टेकवून पसरवा, मग मध्यम दाबाने एकदा आडवं, एकदा उभं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत. अशा सहा ते आठ फेऱ्या. शेवटच्या दोन फेऱ्या अगदी हलक्या. गोल गोल फिरवू नका: हाताने उरलेल्या खुणा सरळ असतील तर त्या एकाच कोनातून दिसतात, गोल असतील तर सगळीकडून चमकतात. फोम बोटांनी दाबू नका, तळव्याने धरा, नाहीतर बोटांखालच्या पट्ट्या जास्त घासल्या जातात. पूर्ण वाळायच्या आत मायक्रोफायबरने पुसा.

पुसल्यावर तिथे १५ ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण फवारून दुसऱ्या फडक्याने पुसा. ही पायरी टाळू नका. पुष्कळ स्वस्त पॉलिशमध्ये तेल आणि भरणारे पदार्थ असतात. ओरखडे गेल्यासारखे वाटतात आणि दोन-तीन धुण्यांत परत दिसतात. अल्कोहोलने पुसून जे उरतं तेवढंच तुमचं खरं काम.

पूर्ण हॅचबॅकला ६० ते ८० मिली पॉलिश, चार-पाच फोम आणि सलग बसलात तर पाच-सहा तास. दोन दिवसांत वाटून करा; थकलेला हात वाकडा दाब देतो.

---

बोअरचं_पाणी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. टपावरच्या पांढऱ्या डागांबद्दल लिहितो, कारण ते क्लेने किंवा पॉलिशने काढायला जाऊ नका.

स्लॅबमधून झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून खाली आणतं. गाडीवर पडतं तेव्हा ते चांगलंच क्षारीय असतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं. म्हणजे तुमच्या टपावर चुनखडीचे थेंब बसलेत. ते कडक असतात. घासले की सुटलेले कण क्लिअर कोटवर सँडपेपरसारखे फिरतात. ब्लेड तर अजिबात नको.

आम्लाने ते विरघळतात. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर (साधारण ४ टक्के असेटिक आम्ल) आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान घ्या. टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर दोन मिनिटं ठेवा, उचला, पाण्याने धुवा, हलक्या हाताने पुसा. जाड डागाला असं चार-पाच वेळा करावं लागेल. एकदाच वीस मिनिटं ठेवण्यापेक्षा दोन-दोन मिनिटांचे हप्ते चांगले. कागद वाळू देऊ नका, उन्हात करू नका, आणि शेवटी तो भाग शाम्पूने धुवा म्हणजे आम्ल उरत नाही. बाथरूम साफ करायचं ॲसिड किंवा टाइल क्लीनर कितीही लवकर काम करत असलं तरी गाडीजवळ आणू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल रंग, क्रोम आणि पत्रा सगळंच खातं.

डाग गेल्यावर त्याच जागी गोल खळगा किंवा पुसट कडी दिसली, तर क्षाराने क्लिअर कोटला खाल्लंय. उथळ असेल तर पॉलिशने कमी होईल, खोल असेल तर तशीच राहील. मूळ उपाय जागा बदलणं, किंवा ठिबकणाऱ्या सांध्याखाली पन्हळीचा पत्रा लावून घेणं. सोसायटीकडे तेवढा आग्रह धराच, नाहीतर पावसाळ्यात पुन्हा हेच.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल, तर ते धुवायला चालतं, पण गाडीवर वाळायला नको. क्षार मागे राहतात आणि उन्हात ते डाग पक्के होतात. एकेक बाजू धुवून लगेच टिपा. शेवटची धार एसीच्या पाण्याची घ्या: घरातल्या एसीच्या नळीतून पडणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. स्वच्छ बादलीत साठवा, पातळ फडक्यातून गाळा, झारीने टपावरून सोडा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र उलट काम करेल, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.

---

मऊ_फडकं

दोन गोष्टींवर माझं मत थोडं वेगळं आहे.

एक, क्ले. गडद रंगावर क्ले कितीही जपून वापरला तरी बारीक पुसट खुणा ठेवतोच. मशीन असेल तर त्या पुढच्या टप्प्यात सहज जातात. तुम्ही हाताने करणार आहात, म्हणजे प्रत्येक खुण काढायला तुमचीच मेहनत. म्हणून आयर्न रिमूव्हर एकदा नाही, दोनदा मारा. त्यानंतर दारांच्या वरच्या अर्ध्या भागाला क्ले लागेल असं मला वाटत नाही. बोनेट, टप आणि दारांचा खालचा पट्टा, एवढ्यावरच आणि सगळ्यात मऊ प्रतीचा क्ले.

दोन, फडकी. या कामात फडकी मोजून घेऊ नका, जास्तच घ्या. ४० बाय ४० सेंमीची, ३५० ते ४०० जीएसएमची (दर चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) दहा-बारा मायक्रोफायबर फडकी पॉलिश आणि वॅक्स पुसायला, आणि ८०० जीएसएमच्या वरचा एक मोठा टॉवेल पाणी टिपायला. टॉवेल ओढू नका. पसरवा, थोपटा, उचला. प्रत्येक फडक्याचं लेबल कापून टाका, त्याची शिलाई ओरखडे पाडते. फडक्याच्या दोन घड्या घातल्या की आठ बाजू मिळतात; एक बाजू भरली की दुसरी. पॉलिशचं फडकं आणि वॅक्सचं फडकं कधीच एक नको.

धुताना द्रव डिटर्जंट, कोमट पाणी. कम्फर्टसारखं सॉफ्टनर टाकलं की धाग्यांवर थर बसतो, फडकं पाणी शोषत नाही आणि काचेवर रेघा येतात. सुती कपड्यांबरोबर धुतलं तर त्यांचा लिंट चिकटतो. फडकं जमिनीवर पडलं की ते रंगासाठी संपलं, चाकांना वापरा.

जुने बनियन, टर्किश टॉवेलचे तुकडे, पिवळं डस्टर यांतलं काहीही गडद रंगावर नको. तसंच ओरखड्यांवर टूथपेस्ट. तिच्यातल्या कणांचा आकार रंगासाठी ठरवलेला नसतो. तिने चमक आल्यासारखी वाटते आणि अल्कोहोलने पुसल्यावर धुरकट पट्टा दिसतो.

---

वाकडवासी

सगळ्यांचे आभार. व्हिनेगरने टपावरचे डाग गेले, तीन ठिकाणी पुसट कडी उरली आहे. आयर्न रिमूव्हर दोनदा मारला, दारांखाली बऱ्यापैकी जांभळं आलं.

बोनेटवर चाचणी घेतली. जाळं कमी झालं, पण टॉर्चखाली आडव्या-उभ्या पुसट रेघांचा धुरकटपणा दिसतो. पॉलिश पुसतानाही काही ठिकाणी चिकटून बसलं होतं, जोर लावावा लागला. कुठे चुकतंय? आणि शेवटी रंगाच्या संरक्षणासाठी वॅक्स लावायचं की सीलंट (कृत्रिम पॉलिमरचा थर)?

---

रंगारी_सातारा

जाळं कमी झालं म्हणजे कापायचं काम बरोबर झालं. धुरकटपणाची कारणं या क्रमाने तपासा.

पहिलं, फोम. नवा कोरडा फोम पहिले थेंब पिऊन टाकतो आणि कोरड्या कडेने घासतो. सुरुवातीला फोमच्या पूर्ण तोंडावर पॉलिशचा पातळ हात फिरवून घ्या, मग थेंब टाका. दर तीन-चार जागांनंतर मऊ दातांच्या ब्रशने फोम झाडा. वाळलेलं पॉलिश आणि घासून निघालेला क्लिअर कोट तिथे साठून गुठळ्या होतात, आणि त्याच गुठळ्या रेघा ओढतात.

दुसरं, प्रमाण. पुसताना चिकटलं म्हणजे बहुधा जास्त झालं किंवा वाळू दिलं. एक फूट जागेला तीन थेंब पुरेत. पसरलेला थर पांढरा दाट दिसता कामा नये, पारदर्शक ओलसर दिसला पाहिजे. चिकटलेलं जोर लावून पुसू नका. त्यावर पॉलिशचा एक नवा थेंब फिरवला की ते सुटतं.

तिसरं, पत्र्याचं तापमान. एप्रिल-मेमध्ये गाडी नुकती आत आणली असेल तर बोनेट तासाभरानंतरही गरमच असतं. सकाळी आठच्या आत सुरू करा.

हे सगळं बरोबर असूनही रेघा राहिल्या तर रंगाचा क्लिअर कोट मऊ आहे, आणि कंपाउंडच्या वर एक बारीक फिनिशिंग पॉलिश लागेल. नवा मऊ फोम, दोन थेंब, जवळजवळ बिनदाबाच्या सहा फेऱ्या. हाताच्या कामात गडद रंगाला ही दुसरी फेरी बहुतेक वेळा लागतेच, म्हणून ५० मिली फिनिशिंग पॉलिश धरून चाला. टपावरच्या कड्यांना जास्तीत जास्त दोनदा हेच करा आणि थांबा. चाचणीची जागा मनासारखी झाल्याशिवाय बाकी गाडीला हात लावू नका, आणि एकदा जमलं की पद्धत, फोम, थेंब काहीही बदलू नका.

ओरखडे खरोखर किती उरलेत ते टॉर्च हलवत पाहा. गोल जाळं दिसतं ते ओरखडे गोल आहेत म्हणून नाही. सगळ्या दिशांचे ओरखडे असतात, पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येणारे तेवढेच चमकतात. टॉर्च एकाच जागी धरला तर निम्मे ओरखडे दिसतच नाहीत.

वॅक्स की सीलंट: कार्नौबा वॅक्सची गडद रंगावरची झळाळी मला आवडते, पण आपल्या उन्हात आणि पावसात ते महिना-दीड महिना टिकतं. पॉलिमर सीलंट चार-सहा महिने जातं. तुम्ही रोज उन्हात लावत नसलात तरी मी सीलंटच सांगेन, आणि मे संपायच्या आत लावून टाका. लावण्याआधी पूर्ण गाडी अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसा, नाहीतर पॉलिशच्या तेलावर ते धरत नाही. थर जितका पातळ तितका चांगला. लहान गाडीला १५ मिली पुष्कळ. बोट ओढून पाहायचं: बोटाखाली स्वच्छ रेघ आली तर पुसायला तयार, चिकट फराटा आला तर अजून थांबा. दमट हवेत दुप्पट वेळ लागतो. त्यानंतर किमान १२ तास पाणी लागू देऊ नका. पुढच्या काचेवर लावू नका, वायपर थरथरत चालतो.

---

मऊ_फडकं

सीलंट लावून झाल्यावरही रोजचं पुसणं तसंच चालू राहिलं तर पावसाळ्याआधीच जाळं परत येईल. ते तिथूनच आलंय: आदल्या गाडीची माती असलेली बादली, तेच फडकं, आणि कोरड्या धुळीवर दाबून मारलेला हात. काही ठिकाणी पाण्यात चमचाभर डिझेल टाकतात, त्याने चमक येते पण वॅक्स-सीलंट विरघळून जातं.

दादांना पैसे तेवढेच द्या, काम बदलून सांगा: फक्त काचा आणि टायर, आणि त्यासाठी फडकं तुम्ही द्या. रंगावर धूळ असली तरी राहू द्या, बसलेली धूळ काही बिघडवत नाही. आठवड्यातून एकदा दोन बादल्यांनी धुवा. पाणी टंचाईच्या दिवसांत रिन्सलेस शाम्पू (नंतर पाण्याने धुऊन काढावा लागत नाही असा) घ्या: पाच-सात लिटरच्या बादलीत बाटलीवरच्या प्रमाणात मिसळा, आठ फडकी त्यात भिजवा, पॅनलवर आधी तेच पाणी फवारून दोन मिनिटं थांबा, मग एका फडक्याने एकाच दिशेने एकदाच पुसा आणि ते फडकं बाजूला टाका. वापरलेलं परत बादलीत नको. चिखल लागलेल्या गाडीला ही पद्धत चालत नाही, तिथे पाण्याची धारच हवी.

कापडी कव्हर बेसमेंटमध्ये घालू नका. धुळीच्या गाडीवर ओढलेलं कव्हर प्रत्येक वेळी घासतं. पक्ष्याची विष्ठा मात्र आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी काढा: ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवून मऊ करायची आणि उचलून घ्यायची, चोळायची नाही. उन्हात क्लिअर कोट तापून फुगतो, वर विष्ठा वाळून कडक होते, आणि संध्याकाळी थर आकसला की तिचा ठसा त्यात बसतो. सीलंट असलं तरी त्याने थोडा वेळच मिळतो.